मागे राहिलेल्यांची वारी

यंदा माघवारीला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बागेत तिघांना घेऊन कलमं दाखवत होतो. फवारणीचा पंप कुठे ठेवलाय, पाइप कुठे बांधून घेतलाय, कुठल्या कलमाला उशिरा मोहोर आलाय, सगळं. काळोख पडला तरी माझं सांगणं संपेना. शेवटी त्यांतला एक म्हणाला, "काका, आता घराक चला. पाटे उठूचा आसा."

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठावर. आषाढीला आमच्याकडचा शेतकरी सहसा निघू शकत नाही. लावणीचे दिवस असतात, माणूस गुडघाभर चिखलात असतो. कार्तिकीच्या सुमारास भात कापून, झोडून घरात घ्यायचं असतं. माघात हात जरा मोकळे होतात, म्हणून कोकणातल्या पुष्कळ दिंड्या माघ शुद्ध एकादशीला पंढरपूर गाठतात. पण ज्याच्याकडे हापूसची कलमं आहेत त्याला हाच महिना जिवाला घोर लावणारा. चार दिवस ढगाळ गेले की तुडतुडे येतात, मोहोराचा रस शोषतात, पानांवर चिकट पडतं आणि त्यावर काळी बुरशी चढते. वेळेवर फवारणी झाली नाही तर वर्षाचं पीक गेलंच. अशा वेळी बाग सोडून चौदा दिवस चालायचं कसं?

त्यासाठी आमच्या भजनी मंडळाची जुनी रीत आहे. चालणाऱ्यांच्या बागा मागे राहणारे आपसांत वाटून घेतात. पैशाचा व्यवहार नाही. औषध ज्याचं त्याचं, मेहनत मंडळाची. मुली लहान होत्या तेव्हा नऊ वर्षं मी मागे राहिलो, दुसऱ्यांच्या कलमांवर फवारलं. चालायची ही माझी सहावी खेप. मला कोणी किती वाऱ्या झाल्या विचारलं तर मी पंधरा सांगतो, आणि ते खरंच आहे असं मी मानतो.

पहाटे ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं झालं. "बा देवा म्हाराजा, ही लेकरां पायी पंढरीक निघाली हत, त्यांची वाट सोपी कर. मागे रवतत त्यांकाय सांभाळ रे म्हाराजा!" सगळ्यांनी "होय म्हाराजा!" म्हटलं. गाऱ्हाण्यातली ती दुसरी ओळ ऐकताना बायकोकडे बघितलं. तिने पदराच्या टोकात बांधलेला रुपया माझ्या हातावर ठेवला, चंद्रभागेत सोडायला. आईला आता उंबऱ्याबाहेर चालवत नाही. तिने एवढंच सांगितलं, "इठोबाक माजो नमस्कार सांग. आणि सांग, मी हय बरी आसंय."

आम्ही बेचाळीस जण. शिरगाव, नांदगाव करत तिसऱ्या दिवशी फोंडा घाटाच्या पायथ्याशी आलो. घाट अंधारातच चढायला घेतला. त्या चढावर वीणा माझ्या गळ्यात होती. वीणा जमिनीवर टेकवायची नाही हा नेम. दमलात तर दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, त्याच्या पाया पडायचं आणि मग बसायचं. मधल्या एका वळणावर माझा श्वास पुरेना. मी काही बोललो नव्हतो, तरी मागून सत्तरीच्या एका आजोबांनी हात पुढे केला. वीणा देताना त्यांच्या बोटांना माझी बोटं लागली. थंडीने गार पडलेली, खरबरीत, होडीची दोरी ओढून कठीण झालेली बोटं. त्यांनी एकदा तार छेडली आणि ते चालू लागले.

दाजीपूरला हवा बदलते. खारा वास संपतो, अंगावर घोंगडी लागते. वाटेत राधानगरीला शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचं पाणी दिसलं. पुढे उसाचा मुलूख. एका गुऱ्हाळवाल्याने आम्हाला बसवून गरम काकवी वाढली. आमच्या टेम्पोत उकड्या तांदळाची दोन पोती होती, कारण आम्हा भातखाऊंना सलग भाकरीवर काढणं जड जातं. पण घाटावरच्या मायमाउल्यांनी ज्वारीच्या भाकऱ्या इतक्या प्रेमाने पुढे केल्या की मिरज येईपर्यंत पोत्याचं तोंडच उघडलं नाही.

कवठे महांकाळच्या अलीकडे आभाळ भरून आलं. तळपायाच्या फोडातून सुईने दोरा ओवून घेत मी रस्त्याकडेला बसलो होतो, पण डोळे वर. घरी विचारलं तर तिथेही ढगाळच. त्या रात्री हरिपाठात माझा टाळ दोनदा चुकला. सकाळी गावाहून फोन आला. "काका, काल सांजेक तुमची बाग मारून झाली. मोहोर बरो आसा. तुमी चालत रवा." फोन खिशात ठेवला आणि मला रडू आलं.

सांगोल्याच्या बाजूला मुक्काम एका डाळिंब बागायतदाराच्या अंगणात पडला. रात्री भजन संपल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. त्याच्या डाळिंबाला तेल्या रोग, माझ्या आंब्याला तुडतुडे. आम्ही दोघं मध्यरात्रीपर्यंत औषधं, ढग आणि भाव यांवर बोललो. वीणेचा पहारा चालू होता, तार मधूनमधून वाजत होती. निघताना त्याने चार डाळिंबं दिली आणि म्हणाला, "माउली, माझ्या बागेचंही घाला देवाच्या कानावर."

एकादशीला रांगेत रात्र गेली. पायांवर डोकं ठेवायला मिळालं ते क्षणभर. आईचा नमस्कार सांगितला, डाळिंबवाल्याचंही सांगितलं, माझं स्वतःचं मागायचं राहून गेलं. रुपया चंद्रभागेत सोडला.

गावात परतल्यावर आमच्याकडे चालणारा थेट स्वतःच्या घरी जात नाही. आधी ज्यांनी बाग सांभाळली त्यांच्या दारात जाऊन बुक्का लावायचा, लाह्या-बत्ताशांचा प्रसाद द्यायचा आणि वयाने लहान असले तरी त्यांच्या पाया पडायचं. मी तिन्ही घरी गेलो. तिसऱ्या घरचा मुलगा पंचविशीचा, लाजून मागे सरकला. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर अजून औषधाचा पांढरा डाग होता.

पुढच्या माघात तो पहिल्यांदा चालणार आहे आणि मागे राहायची पाळी माझी. त्याच्या बागेत चौसष्ट कलमं आहेत. परवाच जाऊन मोजून आलो.