वेंगुर्ल्यात, सुरंगीच्या दिवसांत

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी मी आणि आई कुडाळला उतरलो आणि एस.टी.ने वेंगुर्ल्याला गेलो. आत्या बाजारातच भेटली. बांगडे घेऊन झाले होते, आता कोकमं आणि ओले काजूगर घ्यायचे होते. आत्यासोबत बाजार करायचा म्हणजे प्रत्येक दुकानात पाच मिनिटं जातात. दुकानदार आधी घरच्यांची चौकशी करतो, मग माल दाखवतो. मला हे फार आवडतं. ठाण्यात ज्याच्याकडून मी दहा वर्षं वाणसामान घेते, त्याला माझं नावही माहीत नाही.

मासळी बाजाराबाहेर एक म्हातारी सुरंगीचे वळेसर घेऊन बसली होती. पिवळट कळ्या दोऱ्यात गच्च ओवलेल्या, खाली केळीचं पान. वास चार पावलांवरून येत होता. एकाचे चाळीस म्हणाली. मी सवयीने तीस म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, "घे बाय" म्हणाली आणि पानात बांधून दिला. आत्या पुढे गेली होती, तिला कळलं नाही.

दुपार पडवीत गेली. आत्याच्या परसातल्या काजूंना बिया धरल्या होत्या. ओल्या बिया कोयत्याने चिरायच्या आणि अणकुचीदार काटीने आतला गर काढायचा. हाताला खोबरेल चोपडलं तरी चीक लागतोच, आणि आत्याच्या बोटांची टोकं काळी पडून सालटं निघाली होती. मला तिने एकही बी चिरू दिली नाही. दोन झाडं वेंगुर्ला-7ची आहेत, इथल्याच फळ संशोधन केंद्राने 1997मध्ये आणलेलं वाण. बी चांगली मोठी, दहाएक ग्रॅमची. "विकूक ता बरा," आत्या म्हणाली, "पण उसळीक गावठीच होयो." रात्री उसळ खाल्ली आणि मला ते पटलं. संध्याकाळी सागरेश्वरच्या किनाऱ्यावरही गेलो होतो, पण गाड्या आणि मोठ्याने लावलेली गाणी ऐकून दहा मिनिटांत मागे फिरलो.

रविवारी पहाटे आत्याने उठवलं. तिच्या नणंदेला आसोलीत दिलीय, त्यांच्याकडे सुरंगीची झाडं आहेत. पोचलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. झाड चांगलंच उंच, पानं जाड, काळपट हिरवी. कळ्या शेंड्याला नसतात, फांदीच्या जुन्या लाकडालाच झुबक्यांनी चिकटलेल्या असतात. नणंदेचा मुलगा कमरेला टोपली बांधून वर चढला. एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्या हाताने कळ्या खुडायच्या, आणि भोवती मधमाश्यांचा नुसता घोंगाट. खाली साड्या आणि चादरी पसरल्या होत्या, पडलेल्या कळ्या बायका वाकून वेचत होत्या. मी विचारलं, फुलं उमलू का देत नाहीत? "फुललो की पाकळे गळतत," नणंद म्हणाली, "मगे काय ओवतलंस?" म्हणून हे सगळं ऊन चढायच्या आत उरकायचं. उरलेले कळे वाळवून व्यापाऱ्याला देतात. हंगाम महिना-दीड महिन्याचा. तो मुलगा दोन तासांनी उतरला तेव्हा त्याच्या दंडावर दोन ठिकाणी माशी चावून सूज आली होती. टोपली अर्धीच भरली होती.

मला त्या म्हातारीचे दहा रुपये आठवले आणि लाज वाटली. परतताना बाजारात गेले, ती नव्हती. तुम्ही या दिवसांत तिकडे गेलात तर वळेसरवालीशी घासाघीस करू नका. मी केली आहे, म्हणून सांगते.

घरी आल्यावर आत्या, तिची सून आणि मी पडवीत ओवायला बसलो. आई बाजूला बसून कळ्या निवडून देत होती. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून तिने केसांत फूल घातलेलं नाही, आणि आम्हीही कधी घाल म्हटलं नाही. कोणी मना केलं नव्हतं, तिनेच सोडलं होतं आणि आम्ही ते तसंच राहू दिलं. पहिला वळेसर पुरा झाल्यावर आत्या उठली, आईच्या मागे गेली आणि अंबाड्याभोवती तो गुंडाळायला लागली. आईने हात वर करून तिचं मनगट धरलं. "नको गं."

"वैनी, माझो भाव गेलो," आत्या म्हणाली. "तुझे केस खंय गेले?"

कोणीच काही बोललं नाही. आत्याच्या सुनेने मान खाली घालून सुईत दोरा घातला. आईने मनगट सोडलं. आत्याने आपल्या त्या सालटं गेलेल्या बोटांनी एक-एक आकडा लावला. मला वाटतं तिला बराच वेळ लागला, कारण तिचे डोळे भरले होते.

जेवून थोडं पडलो आणि संध्याकाळी कुडाळला गाडी धरली. आईने वळेसर काढला नव्हता. डब्यात समोरच्या बाईंनी विचारलं, कसला हो वास हा? पुण्याच्या होत्या, सुरंगी त्यांनी पाहिलेली नव्हती. आईने अंबाड्यातून एक कळी ओढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि झाड कसं असतं, कळ्या कुठे लागतात, उमलायच्या आत का खुडायच्या, सगळं सांगायला लागली. कणकवली गेलं तरी तिचं चालूच होतं.