हँगरचा स्क्रू घट्ट होता, हँगर नव्हता: मनाली-लेहची तयारी, नोंद सहावी

मनाली-लेह सायकलप्रवासासाठी तयार करत असलेल्या माझ्या सायकलची चेन घाटात चढताना उडते, हा प्रश्न केबल बदलून मिटल्याचे मागच्या नोंदीत मी आनंदाने कळवले होते. ते विधान मागे घ्यावे लागत आहे. ती नोंद लिहून चार दिवस होत नाहीत तोच, नांदुरीहून सप्तशृंग गडाकडे चढताना चेन पुन्हा मागच्या चाकाच्या सर्वांत मोठ्या, 42 दात्यांच्या चकतीवरून खाली उडाली, माझा गुडघा हँडलवर आदळला आणि मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाला करकचून ब्रेक लावावा लागला. मात्र पाच आठवड्यांच्या शोधानंतर गेल्या रविवारी खरे कारण हाती लागले. ते हँगरमध्ये होते; हँगर म्हणजे डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे यंत्र) फ्रेमला जोडणारा छोटा सुटा तुकडा. आपल्यापैकी ज्यांच्या फ्रेमला मूळ कंपनीचा हँगर आता मिळत नाही, त्यांना त्याचा उपयोग होईल म्हणून ते तपशिलाने लिहीत आहे.

या चकतीसाठी मी एवढा का हट्ट धरून बसलो आहे, ते आधी सांगतो. जून महिन्यात मी पुढची 32 दात्यांची चकती काढून 30 ची बसवली. 29 इंची चाकाला 2.25 चा टायर असला की परिघ सुमारे 2.3 मीटर भरतो. त्या हिशेबाने 30 आणि 42 च्या जोडीवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 1.64 मीटर पुढे जाते आणि मिनिटाला 60 फेरे ठेवले तर वेग ताशी 5.9 किलोमीटरच्या आसपास राहतो. तांगलांग ला ही या मार्गावरची खिंड 5,328 मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. त्या चढावर मला याच वेगाने, दम न तुटता चढायचे आहे. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई 1,646 मीटरचे. म्हणजे विरळ हवेचा सराव इथे होणे शक्यच नाही. निदान गिअर तरी भरवशाचे असावेत, एवढेच आपल्या हातात उरते.

आता मूळ दुखणे. स्टँडवर सायकल चढवून हाताने पायडल फिरवले की अकराच्या अकरा गिअर लोण्यासारखे बदलत होते. गंगापूर रोडच्या गुळगुळीत डांबरावरही तक्रार नव्हती. घाटात मात्र, विशेषतः पावसाने खड्डे पडलेल्या पट्ट्यात, सर्वांत मोठ्या चकतीवर असताना चेन कुरकुरू लागायची आणि दहा-पंधरा मिनिटांत एक चकती खाली उतरायची. सुरुवातीला संशय चेनवर होता. मापकाने झीज 0.5 टक्क्यांच्या आतच दाखवली, तरी मी नवी चेन टाकली. मग आतली आणि बाहेरची केबल बदलली. मग बी-स्क्रू अर्ध्या अर्ध्या आट्याने फिरवून डिरेलरचे वरचे छोटे चाक (जॉकी व्हील) चकतीपासून जवळ-लांब करून पाहिले. डिरेलरचा क्लच (चेन ताणलेली ठेवणारा भाग) उघडून साफ केला आणि त्याला ग्रीस दिले. प्रत्येक वेळी एक फेरी छान व्हायची आणि दुसऱ्या फेरीला पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी हँगर चाकाला समांतर आहे की वाकला आहे, हे तपासायचा गेज स्वतःच विकत घेतला. या हत्याराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घाटात सायकल चालवणाऱ्या प्रत्येक गटाकडे एक तरी गेज असलाच पाहिजे, मात्र सर्वांत स्वस्त गेज घेऊ नये, कारण त्याच्या सांध्यातच खेळ असतो आणि मग आपण हँगर मोजतो आहोत की गेज, हेच कळत नाही. माझ्या गेजने रिमपाशी 6 मिलिमीटरचा फरक दाखवला. 3-4 मिलिमीटरच्या पुढे फरक गेला की गिअर बिघडतात, हे आपण सारे जाणतो. 11-स्पीड कॅसेटमध्ये (मागच्या चकत्यांच्या संचात) एका चकतीपासून दुसरीपर्यंतचे अंतरच चार मिलिमीटरहून थोडे कमी असते. हँगर सरळ केला, फरक शून्यावर आणला आणि पुन्हा नांदुरी गाठली. वर पोहोचेपर्यंत चेन दोनदा उडाली. घरी येऊन मोजले तर पुन्हा 5 मिलिमीटर.

वहीत मी दर वेळचा फरक लिहून ठेवत होतो, त्याचा इथे फायदा झाला. पहिल्या दिवशी हँगरचे टोक आत, चाकाच्या बाजूला होते. दुसऱ्या दिवशी बाहेर. तिसऱ्या दिवशी आत, पण शिवाय थोडे मागे. अंबडच्या एमआयडीसीत माझ्या एका वर्गमित्राचे छोटे वर्कशॉप आहे. रविवारी घरी आला असता ती वही त्याला दाखवली. दोन मिनिटे पाहून तो म्हणाला, "अरे, वाकलेली वस्तू रोज एकाच बाजूला वाकलेली दिसेल. ही वाकलेली नाही, सैल आहे."

मी लगेच एल-की लावून पाहिली; स्क्रू पक्का बसलेला होता. मग आम्ही मागचे चाक आणि डिरेलर दोन्ही काढले आणि हँगर सोडवून हातात घेतला. फ्रेमच्या ज्या खाचेत तो बसतो, तिथे एका कडेला नखाच्या चंद्रकोरीएवढा रंग घासून जाऊन पांढरा धातू चकाकत होता आणि बोट फिरवल्यावर बोटाला काळसर राखाडी लेप लागला. तो घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा चुरा होता. हँगर आपल्या जागेत महिनाभर हलत होता, याचा याहून सरळ पुरावा नको.

मे महिन्यात तोरंगण घाटात पडल्यावर मूळ हँगर वाकला होता, हे तिसऱ्या नोंदीत आले आहे. त्याच्या जागी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'तुमच्या फ्रेमला चालेल' अशा खात्रीवर दुसरा मागवला होता. सुदैवाने जुना तुकडा डब्यात जपून ठेवलेला होता. व्हर्निअरने दोन्ही मोजले: बैठकीच्या जागी जुन्याची जाडी 4.0 मिलिमीटर आणि नव्याची 3.6. फ्रेममधले आट्याचे भोक आरपार नसून बंद आहे. हँगर 0.4 मिलिमीटरने पातळ असल्यामुळे स्क्रूचे टोक भोकाच्या तळाला टेकायचे, किल्लीला भरपूर जोर लागायचा आणि हँगर मात्र पुरता आवळला जायचाच नाही. स्टँडवर हादरे नसतात, म्हणून तिथे सारे ठीक वाटे. घाटातल्या खड्ड्यांनी तो थोडा थोडा सरकत राही. हाताला घट्ट लागणारा स्क्रू मी पुन्हा तपासण्याचे कधी मनावरच घेतले नाही आणि त्यात पाच आठवडे व एक चांगली चेन गेली, याचे मनापासून वाईट वाटते. त्या विक्रेत्याने मोजमाप न देता भाग विकला, ही तक्रार मी त्याला लेखी कळवली आहे.

निदान बरोबर आहे की नाही, ते पाहण्यासाठी सोड्याच्या रिकाम्या कॅनची पट्टी कापली. तो पत्रा सुमारे 0.1 मिलिमीटरचा भरतो. चार थर हँगरखाली घातले, स्क्रू आवळला, गेजने सरळ केले आणि बुधवारी पहाटे गाडीवर सायकल टाकून नांदुरी गाठली. सुमारे दहा किलोमीटरचा तो सारा चढ धुक्यात आणि बारीक पावसात, बहुतांश 42 वर बसून चढलो आणि चेन एकदाही हलली नाही. वरच्या टपरीवर चहा घेताना हात थंडीने कापत होते. इतका समाधानाचा चहा मी या हंगामात प्यायलेला नाही. परत येऊन मोजले तर फरक 1 मिलिमीटरच्या आत.

पत्र्यावर लेह गाठायचे नाही, म्हणून मित्राच्या व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणकीय यंत्रावर) नवा हँगर करून घेतला. त्याने आधी ईएन 8 पोलाद सुचवले, कारण ते त्याच्याकडे पडून होते आणि मजबूतही आहे. मी नको म्हटले. पडल्यावर हँगरने आधी वाकावे किंवा तुटावे आणि डिरेलर व फ्रेम वाचवावी, यासाठीच तो वेगळा भाग असतो. पोलादी हँगर टिकेल आणि फ्रेमचा, हँगर बसतो तो कान तुटेल. म्हणून 6061-टी6 अ‍ॅल्युमिनियम ठरले. डिरेलरच्या भोकाचा आटा एम 10 असला तरी पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) 1 मिलिमीटरची लागते; कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एम 10 टॅप 1.5 पिचचा असतो. तो चुकून मारला तर डिरेलरचा बोल्ट जातो, हे तुम्ही असा भाग करवून घ्यायला गेलात तर विसरू नका. काल शनिवारी पहिला तुकडा बसवला. बैठकीला पातळ ग्रीस, स्क्रूला निळे लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) आणि फ्रेमच्या पुस्तिकेतला टॉर्क. कालची फेरीही निर्दोष झाली.

आधी एकच सुटा हँगर सोबत न्यायचा विचार होता. आता चार करून घेत आहे. आमच्या सात जणांच्या गटाबरोबर मनालीचा मार्गदर्शक, त्याची सामानाची गाडी आणि एक मेकॅनिक असणार आहे. त्याच्या पेटीत ट्यूब, चेन, ब्रेक पॅड, केबल सारे असते, पण हँगर नसतो आणि असूही शकत नाही, कारण प्रत्येक फ्रेमचा वेगळा. 2019 साली सार्वत्रिक हँगरचे मानक आले खरे, तरी आमच्या सातपैकी दोघांच्याच फ्रेमना तो बसतो. सरचू ते पांग या टप्प्यात, गाटा लूप्सच्या 21 वळणांवर हँगर तुटला तर दहा रुपयांचा असो की हजाराचा, कुठल्याही दुकानातून तो मिळणार नाही आणि पुढचा प्रवास गाडीत बसून करावा लागेल. म्हणून प्रत्येकाने आपापले दोन हँगर, व्हर्निअरने मोजून, आणावेत असा निरोप मी गटाला दिला आहे.

सायकल बंद असलेल्या दिवसांत मुक्कामांचा आराखडाही नीट पाहिला आणि त्यात एक बदल मागितला. जिस्पा सुमारे 3,200 मीटरवर आणि त्यानंतरचा मुक्काम थेट झिंगझिंगबारला, सुमारे 4,270 वर होता. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नये, असा सर्वमान्य संकेत आहे. जिस्पाला दोन रात्री आणि मध्ये पत्सेओला, सुमारे 3,800 मीटरवर, एक मुक्काम घेतल्यास तो संकेत अगदी काटेकोर पाळला जात नाही. तरी एका दमात हजार मीटर चढून झोपणे टळते आणि बारालाचा ला ओलांडायला अंग तयार होते. मार्गदर्शकाने होकार दिला आहे. एक दिवस वाढेल आणि खर्चही वाढेल, पण मला तो योग्य वाटतो.

हे लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट सुचली. नाशिकरोडहून सायकली खोक्यात घालून रेल्वेने जाणार आहेत आणि खोक्यात सर्वांत आधी मार खाते ती डिरेलरची बाजू. आतापर्यंत मी फक्त डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधायचे ठरवले होते. आता हँगरही काढूनच पाठवीन. म्हणजे मनालीला तो पुन्हा बसवून सरळ करावा लागेल आणि त्यासाठी गेज सोबत न्यावा लागेल. गेजचे वजन जवळजवळ एक किलो आहे, तरी सामान गाडीतच असल्याने तो नेता येईल. मेकॅनिककडे असला तर उत्तमच, हे आज संध्याकाळी फोन करून विचारतो.

पुढच्या रविवारी दुसरा हँगर बसवून, ज्या तोरंगण घाटात हे सारे सुरू झाले तिथेच चाचणी घेणार आहे. माझ्यासारखीच फ्रेम कोणाकडे असेल, तर आकडे कळवा. मित्राचे मशिन लावलेलेच आहे, त्यात आणखी दोन तुकडे सहज निघतील.