बाटली आणि ग्लास: 'फाइव्ह लिटल पिग्ज'चा तक्ता कुठवर आला

कादंबरीतला पुराव्याचा एकेक धागा टीव्हीच्या पडद्यावर कसा आला, ते टिपणारा हा तक्ता. त्यात कादंबरीची बाजू पुरी भरली आहे, पडद्याची अर्ध्यावर आहे. खुनी कोण ते खाली लिहिलेलं नाही, पण नवऱ्याला विष घातल्याबद्दल दोषी ठरलेल्या कॅरोलाइन क्रेलचं काय ते फुटतं. पुस्तक वाचायचं राहिलं असेल तर इथेच थांबा.

अगाथा ख्रिस्तीची कादंबरी १९४२ची. डेव्हिड सुशे गुप्तहेर पॉयरो असलेला, आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीचा भाग २००३चा. पटकथा केव्हिन एल्यॉट, दिग्दर्शन पॉल अनविन. पुस्तकाच्या पहिल्या खंडात १० प्रकरणं (आधी वकील-पोलीस, मग पाच संशयित), दुसऱ्यात पाचही जणांच्या लेखी कैफियती, तिसऱ्यात उलगडा. तक्ता दुसऱ्या खंडापासून भरायला घ्यावा. पहिल्यापासून घेतला तर तीच हकीगत इतक्या तोंडून येते की एकेका धाग्याच्या चार-चार नोंदी होऊन वही नासते.

रकाने पाच: धागा, प्रकरण, सांगणारा, पडद्यावरचा प्रसंग, आणि 'दाखवला, बोलून सांगितला की गाळला'. मिनिटं लिहू नका, प्रसंगाला क्रमांक द्या. हाती कापलेली प्रत आली की मिनिटं सरकतात. सबटायटल्समध्ये धागे शोधत बसण्यातही अर्थ नाही. नुसती हाताने केलेली गोष्ट तिथे उमटतच नाही.

बाटलीचंच घ्या. पाच संशयितांपैकी एक, घरातली शिक्षिका मिस विल्यम्स, कैफियतीच्या शेवटी लिहिते की कॅरोलाइनने बिअरची बाटली रुमालाने पुसली आणि मेलेल्या नवऱ्याची बोटं तिच्यावर दाबली. वाचताना वाटतं, संपलं, हिनेच केलं. पण कोनाइन, म्हणजे ते विष, होतं ग्लासात, बाटलीत नव्हे. विष कशात होतं हेच जिला ठाऊक नाही, तिने ते घातलं कसं? या धाग्याला दोन ओळी द्या: पुसणं एक, विष कशात सापडलं ते दुसरी. एकाच ओळीत कोंबलं तर पडद्यावर या दोन गोष्टी एकमेकींपासून किती लांब ठेवल्यात ते हातून निसटतं, आणि पटकथाकाराचं खरं कसब तिथेच आहे.

बदलांचे दोन ढीग करा: किरकोळ, आणि पुराव्याचा अर्थच बदलणारे. पुस्तकात कॅरोलाइनची फाशी टळते आणि ती तुरुंगात मरते; टीव्हीवर तिला फाशी होते. प्रसंग जड होतो, पण पुराव्याची साखळी जशीच्या तशी. तिच्या मुलीचं नाव कार्लाचं लूसी झालं, तेही किरकोळच. संशयितांपैकी फिलिप ब्लेकचं मात्र तसं नाही. पुस्तकात त्याचा जीव कॅरोलाइनवर, टीव्हीवर तिच्या नवऱ्यावर, एमियसवर. म्हणजे तिच्याबद्दलच्या त्याच्या कडवटपणाचं मूळच बदललं. त्याच्या कैफियतीतली प्रत्येक नोंद नव्याने तपासावी लागते.

राहिलंय ते फिलिपचा भाऊ मेरेडिथ याच्या प्रयोगशाळेचं, जिथून विष गेलं. कोण कुठे उभं, खोलीकडे पाठ कोणाची, शेवटी बाहेर कोण पडलं, याचा आराखडा पुस्तकावरून काढून झालाय. कॅमेऱ्याच्या जागा त्यावर बसवायच्या आहेत.