तुमची ओळख कशी झाली, असं विचारलंत म्हणून

लग्नात विचारता, बारशात विचारता, परवा केळवणाच्या पंगतीतही विचारलंत. "हा तुझा मानलेला भाऊ ना? तुमची ओळख कशी झाली गं?" मी दरवेळी "दादाचा मित्र" एवढंच सांगते. ते खोटं नाही. पण पुढचं तुम्ही मनाने जोडता, ते माझ्या कानावर येतं. म्हणून आज सगळं सांगते.

26 जुलै 2005 ला दादा अंधेरीहून कुर्ल्याला पाण्यातून चालत घरी आला, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. आठवड्याने त्याला ताप आला. पोटऱ्या फार दुखतात म्हणाला. इतका चाललास, दुखणारच, म्हणत मी त्याला बाम चोळून दिला. लेप्टोत, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापात, पोटऱ्या अशाच दुखतात, हे मला नंतर कळलं. डोळे पिवळे झाले तेव्हा दवाखान्यात नेलं. पुढचं तुम्ही पाहिलंय.

मी दहावीत होते. "आईसमोर रडू नकोस, आता तूच त्यांचा आधार," असं भेटायला येणारा प्रत्येकजण बजावून जायचा. मला कोणाचा आधार, हे एकानेही विचारलं नाही. त्यात तुमच्यातलेही होते.

क्लासला जाते सांगून मी सायबर कॅफेत जायचे. ऑर्कुट ही फेसबुकसारखी मित्र जोडायची वेबसाइट होती. तिच्यावर तेव्हा कोणी आमंत्रण दिल्याशिवाय खातं उघडता येत नसे. दादाचं होतं आणि त्याचा पासवर्ड मला ठाऊक होता. आधी नुसती वाचायचे. तो गेल्यानंतरही मित्र त्याला स्क्रॅप, म्हणजे त्याच्या पानावर निरोप, लिहीत होते. ते वाचताना तासभर कोणीतरी माझ्याशी बोलतंय असं वाटायचं.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मी त्याच्या एका मित्राला दादाच्या खात्यातून लिहिलं, "आहेस का?"

दोनच शब्द. उत्तर आलं, "कोण आहे?" मी घाबरून खुर्चीवरून उठले. पैसे द्यायचेही विसरले, कॅफेवाला मागे ओरडत आला.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. आईने चहा केला. तो दादाच्या पलंगाकडे न बघता बिस्किट बुडवत राहिला, ते तुटून कपात पडलं. आईला काही बोलला नाही. मी दारापर्यंत गेले, तेव्हा जिन्यात थांबून म्हणाला, "रात्रभर झोपलो नाही मी." आणि कठड्याला धरून रडला. मीही रडले, ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

त्या आठवड्यात त्याने मला आमंत्रण पाठवलं, माझ्या स्वतःच्या नावाने खातं उघडायला. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं.

मी काही वाईट हेतूने केलं नाही, असं वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. आता तसं म्हणवत नाही. एका पोराला मेलेल्या मित्राच्या नावाने हाक मारली मी. पण त्या वेळची मी अजून भांडते माझ्याशी: मग कोणाच्या नावाने मारायची होती? माझ्या हाकेला ओ देणारं होतं कोण? कॉलेजातही मी दोघातिघांना दादा म्हणत घट्ट धरून ठेवलं आणि ते कंटाळून लांब गेले. तेव्हा याला तरी मी माणूस म्हणून धरलं, की दादाची रिकामी जागा म्हणून? अजून सांगता येत नाही.

30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं. त्याआधी त्याने मला एकदा त्याचं स्क्रॅपबुक दाखवलं. दादाच्या फोटोशेजारी "आहेस का?" तसंच होतं. नऊ वर्षं त्याने ते पुसलं नव्हतं.