जास्त जेवलेली बंदूक

“मामा नाहीत का?”

आमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात उभं राहून हे विचारणारी माणसं आता मला लांबूनच ओळखू येतात. बंदूक दाखवायची ती मामांना, मी फक्त पावती फाडायला बसलेय असा त्यांचा समज असतो. त्या दिवशीच्या काकांचाही होता. मामांचा गुडघा धरला होता, म्हणून ते बडोद्यातल्या दांडिया बाजारात घरीच होते; दुपारी येतो म्हणाले होते. मी म्हटलं, “बसा काका, तोवर मी बघते.” काका बसले, पण बॅग मांडीवरच ठेवली.

ऑगस्ट होता. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडच्या पत्र्यावर सकाळपासून पाऊस वाजत होता. हवा इतकी दमट, की फायलीतले कागद पापडाच्या लाटीसारखे मऊ पडले होते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचाच संबंध येणार आहे आणि तेव्हा माझ्या डोक्यात तो आला नव्हता.

बॅगेतून निघाली .22 बोअरची, म्हणजे नळीचा आतला व्यास .22 इंच असलेली, पीसीपी (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक) एअर रायफल. स्प्रिंगवाली नव्हे, बॅरलखालच्या नळीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. मी आधी परवान्याचं पुस्तक मागितलं. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे बोअर .177पेक्षा मोठा असला किंवा जोर 20 जूलच्या वर गेला, की एअर रायफललाही परवाना लागतो. हिच्यात दोन्ही होतं. दुरुस्ती करायला आणि चाचणी घ्यायलाही लागतो. तो मामांच्या नावावर, भिंतीवर चौकटीत. “हवेचीच तर आहे” म्हणणारे रोज भेटतात. अभिनव बिंद्राने 2008ला बीजिंगमध्ये ज्या प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्या 10 मीटरच्या मॅच रायफलचा जोर साडेसात-आठ जूल. काकांची ही धड चालली तर 45. (स्वप्निल कुसाळेचं काय, असं पुढे विचारतातच. त्याचं 2024चं पॅरिसचं कांस्य 50 मीटरचं. तिथे हवा नाही, काडतूस असतं.)

काकांची तक्रार साधी होती. “दमच राहिला नाही हिच्यात. आधी बरी होती. आता फुल्ल भरली तरी मरगळलेली. आठ-दहा छर्रे झाले की परत भरतो, तरी तेच.”

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं टार्गेट कार्ड काढलं. 25 मीटरवरचं. भोकं एकावर एक, खालून वर चढत गेलेली, मुंग्या भिंतीवर चढतात तशी. सगळी मिळून सव्वा-दीड सेंटीमीटरची उभी रेघ. आडवी जवळपास काहीच नाही.

“मला वाटलं श्वास चुकतोय,” काका म्हणाले. “प्राणायाम सुरू केला मी.”

मी हसले नाही. उभी रेघ म्हणजे हाताचा दोष नाही, वेगाचा. हळू सुटलेला छर्रा लक्ष्यापर्यंत जायला जास्त वेळ घेतो, तेवढा जास्त खाली पडतो. एवढं मला नक्की ठाऊक होतं, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत बरोबर ठरलेली माझी ही एकच गोष्ट.

शेडच्या मागच्या लांब बोळात आमची चाचणीची जागा आहे. टोकाला वाळूने भरलेली लाकडी पेटी, तिच्यामागे लोखंडी पत्रा, तिच्यापुढे कुणी जायचं नाही म्हणून साखळी. छर्ऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ मांडला. पहिल्याच छर्ऱ्याला त्याने सेकंदाला 590 मीटर दाखवलं. म्हणजे आवाजाच्या दीडपटीहून जास्त. काका खूश! मी वर बघितलं. पावसाळी अंधार म्हणून दुकानातल्या मुलाने जुनी ट्यूबलाइट लावली होती. ती सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. आपल्याला दिसत नाही, पण सावलीवर वेळ मोजणाऱ्या सेन्सरला दिसतं. ट्यूब बंद, साधा पिवळा बल्ब चालू. काकांचा आनंद ओसरला.

हवा त्यांचीच वापरायची ठरवलं. घरी जसं भरता तसंच भरू, म्हणजे घरचाच दोष दिसेल. हा विचार चांगला होता, म्हणून लिहिते. त्यांनी डिकीतून कॉम्प्रेसर आणला. शाळेच्या दप्तराएवढा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. त्याच्या दाब दाखवणाऱ्या गेजवर काटा 200 बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) आला आणि आम्ही थांबलो. हेच हिचं भरायचं माप, नळीवर कोरलेलं. पाच मिनिटं जाऊ दिली, कारण भरताना हवा तापते आणि थंड होताना दहा-एक बार उतरतात. तेवढी परत भरली.

बंदुकीच्या दस्त्याजवळ एक रुपयाच्या नाण्याएवढं छोटं गेज असतं. त्याचा काटा हिरवा पट्टा ओलांडून लालमध्ये गेला होता. मी तो बघितला. काकांनीही बघितला. “ते काय, खेळण्यातलं,” ते म्हणाले, आणि मीही मान डोलावली. मोठ्या तबकडीवर माणसाचा विश्वास लवकर बसतो.

पहिला छर्रा सेकंदाला 238 मीटर. मग 239, 241, 241, 244. दहाव्याला 258. छर्ऱ्याचं वजन 1.17 ग्रॅम, म्हणजे पहिल्याचा जोर जेमतेम 33 जूल. इथे काका घरी थांबतात आणि परत भरतात. मीही थांबले. आणि मी निदान केलं: हॅमरची स्प्रिंग ढिली पडलीय. ट्रिगर ओढला की हॅमर जाऊन व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, हवा छर्ऱ्यामागे जाते. आपटणं कमजोर तर हवा कमी. मी मागचा स्क्रू दीड आटा आत घेतला, पुन्हा 200 भरलं. 262! काका खुर्चीच्या टोकावर आले. “ताई, जमलं की!” मामांच्या ऐवजी ताई. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मामा आले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात सेव-उसळीची पिशवी. मी उभ्या उभ्याच आकडे सांगितले.

“किती बारवर?”

“दोनशे.”

“कुणाच्या दोनशेवर?”

मी कॉम्प्रेसरच्या गेजकडे बोट दाखवलं. मामा काही बोलले नाहीत. पाव उसळीत बुडवून शांतपणे खाल्ला, हात धुतले, पुसले, आणि कपाटातून आमचं मास्टर गेज, बाकीची गेज ज्याच्याशी ताडून बघतो ते, काढलं. ताटलीएवढं, कॅलिब्रेशनचं, म्हणजे अचूकता तपासल्याचं, स्टिकर लावलेलं. टी-जोडाने ते काकांच्या होजला लावलं. मुलाने कॉम्प्रेसर चालू केला. काकांचा काटा 200वर आला तेव्हा आमचा 238 बारवर होता.

थोडा वेळ फक्त पाऊस ऐकू येत होता.

“हा कधी घेतला, काका?” मामांनी विचारलं. उन्हाळ्यात. त्याआधी? हातपंप. तक्रार कधीपासून? काकांनी उत्तर दिलं नाही, कपाळाला हात लावला. हा प्रश्न सकाळी मी विचारायला हवा होता. बंदूक बदलली नव्हती, हवा बदलली होती.

पण काकांना एक कोडं सुटेना. हवा जास्त, तर वेग जास्त हवा ना? मामांनी त्यांना दाराचं उदाहरण दिलं. “हा व्हॉल्व्ह आतून दाबानेच बंद राहतो. समजा दार बाहेरून ढकलायचंय आणि आत पाच माणसं टेकून उभी आहेत. धक्का मारला तर उघडेल. आत दहा उभी केली, धक्का तोच, तर किती उघडेल? फटभर. आणि लगेच आपटून बंद. तुमची बंदूक उपाशी नाही हो, जास्त जेवलीय. श्रीखंड-पुरीच्या पंगतीतून उठलेल्या माणसाला पळायला सांगताय तुम्ही.”

रेग्युलेटर असलेल्या बंदुकीत हे होत नाही, तो व्हॉल्व्हला ठरावीक दाबाचीच हवा देतो. हिला रेग्युलेटर नव्हता. अशा बंदुकीचा वेग आधी वाढतो, मधे सपाट होतो, मग उतरतो, आणि नेम त्या सपाट टप्प्यात लागतो. काका दर वेळी चढणीवरच आठ-दहा छर्रे मारत आणि सपाटी यायच्या आत परत भरून चढणीच्या पायथ्याशी जाऊन उभे राहत. मुंग्यांची रांग ती हीच. आणि मी हॅमर घट्ट करून काय केलं होतं? दहा माणसांचं दार उघडेल असा धक्का बसवून दिला होता. म्हणजे 238 बार हेच हिचं रोजचं जेवण करून टाकलं होतं. मामा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, नुसतं स्क्रूकडे बघितलं. मी दीड आटा बाहेर घेतला.

“मग कॉम्प्रेसर टाकूनच देतो,” काका चिडून म्हणाले. “आमच्या गल्लीत वेल्डिंगवाला आहे, त्याच्या सिलिंडरवरून भरून आणतो.”

मामा काठी न घेता उठले. मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना क्वचित ऐकलंय. वेल्डिंगवाल्याचा सिलिंडर म्हणजे ऑक्सिजन. नळीत कुठे तरी ग्रीसचा अंश असतोच, आणि दाबाखालच्या ऑक्सिजनला पेट घ्यायला तेवढा पुरतो. “काका, ती मग बंदूक राहत नाही. गालाशी धरलेला बॉम्ब होतो.” काकांनी दोनदा कबूल केलं तेव्हा मामा बसले.

आता नळी रिकामी करायची होती. खोलण्याआधी हवा सोडणं ही आमच्याकडे न मोडायची रीत आहे. 25 मिलिमीटर व्यासाच्या बुचावर 200 बारला जवळपास टनभर जोर असतो. मी ब्लीड स्क्रू पाव आटा सैल केला. हवा सुसाट, गार, पांढुरकी निघाली. मामांनी तिच्यासमोर कोरा टिश्यू धरला. मिनिटभराने माझ्या हातात दिला. ओला होता, आणि त्यावर बारीक ठिपके होते, चहाच्या गाळासारखे तांबूस.

बूच काढून नळी तिरकी केली तेव्हा स्टीलच्या वाटीत पाणी पडलं. फार नाही, पोहे खायच्या चमच्याने दोन चमचे. गढूळ. नळीच्या आत, व्हॉल्व्हच्या बाजूला, गंजाचा अर्धचंद्र उमटला होता, बंदूक कपाटात जशी टेकून उभी असते बरोबर त्या कोनात.

“काका,” मामा म्हणाले, “विश्वामित्री इथपर्यंत आली.”

विश्वामित्री म्हणजे बडोद्याची नदी. गंमत सोडा, हिशेब असा आहे. 30 अंश तापमानाला हवा पुरती ओलसर असेल, तर घनमीटरमागे 30 ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. काकांची नळी 200 सीसीची. रिकामी नळी 200 बारला भरायची म्हणजे बाहेरची 40 लिटर हवा तिच्यात कोंबायची. तिच्याबरोबर ग्रॅमभर पाणी. एवढ्या दाबात ते वाफ म्हणून टिकत नाही, थेंब होतं. चांगल्या कॉम्प्रेसरला पाणी वेगळं काढायची बाटली आणि पुढे वाफ शोषणाऱ्या दाण्यांची नळी असते. ह्याला कापसाचा एक बोळा होता, काळा पडलेला, आणि तो बदलायचा असतो हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. हातपंपातूनही पाणी जातंच, पण हाताने भरणारा माणूस दमतो आणि थांबतो. ह्याला बटण होतं.

पुढचं काम रोजचंच. नळी पुसली, गंज बारीक कागदाने काढला, आत खड्डे पडलेत का ते बॅटरीच्या उजेडात मामांनी स्वतः दोनदा बघितलं. नव्हते. पडले असते तर नळी बाद, दुसरी बोलणी नाहीत. ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) नव्या, सिलिकॉन ग्रीस लावून. साधं तेल तिथे चालत नाही. मग आमच्या 300 बारच्या कार्बन फायबर सिलिंडरवरून हळूहळू भरलं. आग विझवणारे जवान पाठीवर घेतात त्यातलाच तो. कोयलीची रिफायनरी आणि नंदेसरीचे केमिकलवाले असल्यामुळे बडोद्यात अशी कोरडी, श्वास घ्यायच्या दर्जाची हवा भरून मिळते, हे आमचं नशीब. मास्टर गेजवर 200. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. एका ठिकाणी, होजच्या क्विक कपलरपाशी, मोहरीएवढा बुडबुडा आला. ते सील बदललं.

पहिला छर्रा 268. मग 272, 275, 277, 278, 278, 279, 278, 277. मी आकडे मोठ्याने वाचत होते आणि काका प्रत्येकाला “हं” म्हणत होते, कीर्तनातल्यासारखे. 25 मीटरवरचं कार्ड आणलं तर सपाट टप्प्यातले छर्रे एकमेकांत मिसळून करंगळीच्या टोकाएवढं एकच भोक झालं होतं. रेघ नाही. काकांनी ते कार्ड जुन्या कार्डावर ठेवून खिशात घातलं. प्राणायाम चालूच ठेवा, मामा म्हणाले.

कॉम्प्रेसर काकांनी आमच्याकडेच ठेवला. त्याला नवं गेज आणि कोरडी हवा देणारा फिल्टर बसवून द्यायचं ठरलं. नवं गेज अर्थातच आमच्या मास्टर गेजशी ताडून.

संध्याकाळी आवरताना मामा सहज म्हणाले, “आपलं शेवटचं कधी तपासलं गं?” मी मास्टर गेज उलटं करून स्टिकर वाचलं. पुढच्या तपासणीची तारीख जूनची होती. दोन महिने उलटून गेले होते. सकाळपासून ज्याच्या जोरावर आम्ही दुसऱ्याच्या गेजला खोटं ठरवत होतो, ते स्वतःच तारखेबाहेर.

दुसऱ्या दिवशी पावसातच ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्कूटरवरून कॅलिब्रेशनच्या लॅबमध्ये नेलं. खऱ्या 200ला ते 201 दाखवत होतं. चालण्यासारखं आहे, लॅबवाला म्हणाला. तरी राहवेना, म्हणून मी काकांना फोन करून सांगितलं.

काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, “म्हणजे ताई, आता 201 भरायचं का?”