एखादी चांगली कादंबरी सांगा ना

'सध्या काय वाचताय? एखादी चांगली कादंबरी सांगा ना.' हे मला इतके जण विचारतात, की आता मीच उलट विचारते: शेवटची कुठली कादंबरी अर्ध्यात टाकलीत? काय आवडतं ते सांगताना माणसं थोडी सजवून सांगतात. काय टाकलं ते मात्र अगदी खरं सांगतात, आणि पुस्तक सुचवायला तेवढं पुरतं.

पण तुम्ही विचारलंत आणि समोर नाही आहात, म्हणून अलीकडे वाचलेल्यांपैकी मनात राहिलेल्या काही सांगते. वाचताना त्यांचा एकमेकींशी काही संबंध वाटला नव्हता. एक जपानी रहस्यकथा, एक वऱ्हाडातली, एक कानडी, असा सगळा सरमिसळ मामला. मागाहून जाणवलं, की यांतल्या बहुतेकींत सांगणाराच काहीतरी गिळून बसलाय.

सगळ्यात जास्त गिळलंय ते काझुओ इशिगुरो यांच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'मधल्या (1989) स्टीव्हन्सने. हा इंग्लंडमधल्या एका बड्या घरातला बटलर. सगळी कादंबरी तोच सांगतो, आणि सांगतो काय, तर चांदीची भांडी कशी लखलखीत हवीत, बटलरची शान कशात असते. एका रात्री खाली बड्या पाहुण्यांची बैठक चालू आहे आणि वरच्या खोलीत त्याचे वडील वारलेत. हा खालीच, पाहुण्यांचे पेले भरत फिरतोय. स्वतःला काय होतंय याबद्दल अवाक्षर नाही. मग मालक विचारतात, अरे, तू रडतोयस की काय? स्टीव्हन्स हसतो, रुमालाने घाईघाईने तोंड पुसतो आणि म्हणतो, दिवसभराची दगदग, दुसरं काही नाही. कथा सांगतोय तो, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी आपल्याला कळतं मालकाच्या तोंडून! मी ते पान उलटून परत मागे गेले, आपण काही वाचायचं राहिलं का ते बघायला. काही राहिलं नव्हतं. सुरुवातीची त्याची लांबलचक प्रवचनं कंटाळवाणी वाटतील, पण गाळू नका. माणूस त्या प्रवचनांमागेच दडलाय.

विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' (मूळ कानडी, 2013) एका बैठकीत संपते. काकांच्या मसाल्याच्या धंद्यावर अचानक सुखवस्तू झालेलं एक कुटुंब आणि काकांच्या जिवावर आयतं बसून खाणारा, कॉफी हाउसमध्ये वेळ काढणारा निवेदक. जुन्या घरात मुंग्या झालेल्या असतात आणि घरातली माणसं त्यांना ज्या चवीने चिरडतात, ते प्रकरण नीट वाचा. तेव्हा ते नुसतं गमतीदार वाटतं. पुढे हीच माणसं पैसा आल्यावर एकजूट कशी टिकवतात ते दिसायला लागतं आणि पोटात गोळा येतो. निवेदक भला आहे, पण नको तिथे नजर वळवतो, आणि आपणही त्याच्याबरोबर ती वळवत राहतो.

हान कांग यांच्या 'द व्हेजिटेरियन'मध्ये (मूळ कोरियन, 2007) मांस खाणं सोडणाऱ्या बाईची गोष्ट तिचा नवरा, मेहुणा आणि बहीण यांच्या नजरेतून येते. तिचा स्वतःचा आवाज जवळपास फक्त स्वप्नांच्या तुकड्यांत. छोटी आहे, पण झेपायला जड. मन आधीच खाली असेल तर सध्या नको.

रहस्यकथा हवी असेल तर केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (2005). खून कुणी केला, कुठे केला, हे लेखक सुरुवातीलाच दाखवून टाकतो. शेजारचा गणिताचा शिक्षक तो लपवायला मदत करतो, तेही समोरच. एवढं सगळं उघड सांगूनही लेखकाने आपल्याला कसं गंडवलं, ते शेवटी कळतं. यापुढे एक शब्द सांगणं म्हणजे पाप.

आणि मग या सगळ्यांना छेद देणारी उद्धव शेळके यांची 'धग' (1960). इथे काही लपवलेलं नाही. कौतिक नावाची कष्टकरी बाई, शिवणकाम करणारा नवरा, पोरं आणि कधी हटतच नाही अशी गरिबी. पुढे नवऱ्याला महारोग होतो. लेखक हळहळत नाही, समजावत नाही, कौतिकला थोर बनवत नाही. ती भांडते, हिशेब करते, कुणाची तरी खुशामतही करते. संवाद वऱ्हाडीत आहेत. कानाला सवय नसेल तर पहिली काही पानं मोठ्याने वाचा, लय लगेच सापडते. मराठीत दुःखावर लिहिताना गळा काढायची जी खोड आहे, तिच्यावर या कादंबरीइतकं जालीम औषध मला ठाऊक नाही. एवढ्यांतली एकच वाचणार असाल तर हीच घ्या.

यादी ऐकून एक मैत्रीण म्हणाली, 'हसवणारी एकही नाही का गं?' आहे की. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' (2018). इंग्रजी अनुवादाला 2022 साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं म्हणून सगळ्यांना नाव माहीत, पण पूर्ण वाचलेली माणसं फारशी भेटत नाहीत. हिंदी येत असेल तर मूळच वाचा, अर्धी मजा त्या भाषेच्या कोलांट्याउड्यांत आहे. ऐंशी वर्षांची आजी, नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलेली, आणि तिला उठवायला अख्खं घर हैराण. लेखिकेला कसलीही घाई नाही, वाटेत दार दिसलं तर दारावरच पानं लिहील. बरेच जण इथेच पुस्तक मिटतात. आजी उठेपर्यंत दम धरा. एकदा उठली की ती थेट सीमा ओलांडून पाकिस्तानात जाते.