मरळ जिवंत होती

आर्द्रा लागल्या की आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बर्फपेटी भरून दाराशी ठेवलेली असते. मृगाच्या पावसात नुसती माती भिजते. नाले वाहायला लागतात ते आर्द्रेत, आणि नाले वाहिले की फोन सुरू होतात. नळाला वास येतोय, विहिरीचं पाणी गढूळलंय, अमक्या लेआउटमध्ये चार पोरांना हगवण लागलीय. चौदा वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे आवाजावरून कळतं की माणसाला खरंच तपासणी हवीय की शेजाऱ्याविरुद्ध कागद हवाय.

त्या दिवशीचा फोन पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी आला. "म्याडम, लवकर या. तलावात कोणीतरी जहर टाकलं. सगळा माल उलटा होऊन राहिला."

फोन मासेमारी संस्थेच्या भाऊंचा. दरवर्षी मत्स्यबीज सोडायच्या आधी पाणी तपासून घेणारा हा माणूस. आमच्याकडे असे दोघेच येतात. तलावाचं नाव लिहीत नाही. नागपूरचे वाचक अंदाज बांधतील आणि बहुतेक चुकतील, कारण आपल्या शहरातल्या तलावांचं दुखणं फार वेगवेगळं नाही.

मामांना त्यांच्या घरून स्कूटरवर घेतलं. मामा आमचे परिचर. माझ्याही आधीपासून प्रयोगशाळेत आहेत आणि नमुना घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. तीन दिवस सूर्य दिसला नव्हता आणि आदल्या संध्याकाळी दोन तास धो धो पाऊस झाला होता. घाटाच्या पायऱ्यांपाशी रोहू आणि कटला पांढरी पोटं वर करून तरंगत होते, दोन-दोन किलोचे, वर्षभर वाढवलेले. जे अजून जिवंत होते ते पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. शेकडो तोंडं एकाच वेळी उघडझाप करतात त्याचा एक बारीक चपचप आवाज येतो. तो आवाज मी पूर्वी एकदाच ऐकला होता.

काठावर शंभरेक माणसं. दोन पोलीस. एका रेशन दुकानवाल्याने तर आरोपीचं नावही ठरवून टाकलं होतं: मागच्या वर्षी ठेक्यावरून ज्याच्याशी भाऊंचं वाजलं होतं तो. भाऊ स्वतः काही बोलत नव्हते, पण नाकारतही नव्हते. त्यांचा चेहरा पाहून मलाही क्षणभर वाटलं की जहरच निघावं. जहर निघालं तर निदान गुन्हा तरी नोंदवता येतो.

मामा होडीत बसले. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची बाटली ३०० मिलिलिटरची असते, काचेच्या घासलेल्या बुचाची. ती नळाखाली धरल्यासारखी भरायची नसते. पाण्याखाली आडवी नेऊन हळूहळू उभी करायची, एकही बुडबुडा आत जाता कामा नये. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिसळला की नमुना वाया गेला. मामा कोपरापर्यंत हात बुडवून, श्वास रोखून बाटली भरतात. "मी श्वास घेतला तं बाटलीत जाईल," असं ते नव्या पोरांना सांगतात आणि पोरं खरं मानतात.

बाटली काठावर आली की तिथल्या तिथे 'फिक्स' करावी लागते, म्हणजे तिच्यातला ऑक्सिजन रसायनांनी बांधून ठेवावा लागतो. आधी मँगनीज सल्फेट २ मिलि, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिलि, पिपेटचं टोक पाण्याच्या आत ठेवून. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो. जितका ऑक्सिजन जास्त तितका गडद. चांगल्या तलावाची बाटली कडक चहासारखी दिसते.

माझ्या हातातली बाटली पांढरी झाली. फाटलेल्या दुधासारखी पांढरी गुठळी हळूहळू तळाशी बसली. मी ती पुन्हा हलवली, जणू काही मीच नीट हलवली नव्हती. दोन मीटर खोलीवरचं पाणी होतं ते. पृष्ठभागावरची बाटली किंचित पिवळसर झाली. नंतर तिचं टायट्रेशन केलं, म्हणजे रसायन थेंबाथेंबाने टाकून ऑक्सिजन मोजला, तेव्हा स्टार्चचा निळा रंग हायपोच्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या, काही थेंबांतच उडाला. लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम.

हा आकडा किती कमी ते सांगते. ३० अंश सेल्सियसच्या पाण्यात हवेतून विरघळून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहतो. पाणी जितकं गरम तितका कमी, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात तलाव मुळातच तंगीत असतात. मासेमारीसाठी योग्य पाण्यात किमान ४ असावा असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. ०.६ वर रोहू-कटला जगत नाहीत.

पण "ऑक्सिजन संपला" हे गर्दीला पटणारं उत्तर नाही. पोलीस म्हणाले, "म्याडम, काल संध्याकाळपर्यंत मासे ठीक होते. एका रात्रीत ऑक्सिजन कुठं जाईल?" प्रश्न बरोबर होता. मी शब्द जुळवत होते तेवढ्यात मागून एक म्हातारी ढीवर, म्हणजे मासेमार समाजातली, बाई पुढे आली. तिच्या टोपलीत काहीतरी वळवळत होतं. टोपली पोलिसांच्या पायाशी ठेवून ती म्हणाली, "जहर म्हनता ना साहेब? मंग हे मरळ काहून जित्ती हाये? मांगूर काहून जित्ता हाये?"

टोपलीत चार मरळ आणि दोन मांगूर होते, चांगले तडफदार.

आजीने माझं अर्ध काम करून टाकलं. मरळ आणि मांगूर वर येऊन हवेतून थेट श्वास घेऊ शकतात. पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी तग धरतात. रोहू-कटला कल्ल्यांवरच अवलंबून. आणि त्यांच्यातही आधी मोठे मेले होते. बोटभर पिल्लं अजून काठाशी फिरत होती, कारण गुदमरताना मोठ्या अंगाला जास्त ऑक्सिजन लागतो. बहुतेक जहरं अशी निवड करत नाहीत. तरीही मी कल्ल्यांचे आणि पाण्याचे नमुने कीटकनाशकाच्या तपासणीसाठी बर्फात ठेवले. संशय आहे म्हटल्यावर तो कागदावर मिटवावा लागतो.

मग ऑक्सिजन गेला कुठे? त्यासाठी तलावाकडे पाठ करून नाल्याकडे चालावं लागलं. मामा पुढे, मी मागे, आणि भाऊही आले. कागदोपत्री तो पावसाळी नाला आहे: छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी तलावात आणणारा. पाचशे पावलांवर वास बदलला. एका लेआउटच्या मागे गडर लाईनचं, म्हणजे जमिनीखालच्या सांडपाण्याच्या गटाराचं, चेंबर तुंबलेलं, त्याचं झाकण निघालेलं, आणि चेंबरच्या कडेला भोक पाडून चार इंची पीव्हीसी पाईप सरळ नाल्यात सोडलेला. सिमेंट अगदी व्यवस्थित केलेलं. गवंड्याने काम मनापासून केलं होतं.

गॅलरीतून एक काकू म्हणाल्या, "अहो, दोन वर्षं तक्रार करून राहिलो. संडासातून पाणी उलटं वर येत होतं. मग सगळ्यांनी वर्गणी काढली." त्यांच्या आवाजात अपराधीपणा नव्हता, आणि मला त्यांना रागावताही येईना. घरात संडासाचं पाणी वर आलं तर मी काय केलं असतं? पुढे आणखी दोन असे पाईप दिसले. एकाला तर कोपऱ्यावरच्या कॅटरर्सचं तेलकट पाणी येत होतं, त्याचा थर नाल्यावर साईसारखा जमलेला.

उन्हाळाभर हे सांडपाणी नाल्यात झिरपतं, आटतं, गाळ होऊन बसतं. तलावापर्यंत थोडंच पोचतं, म्हणून कुणाला दिसत नाही. मग पहिला मोठा पाऊस येतो आणि चार महिन्यांची काळी साठवण दोन तासांत तलावात ढकलतो. तिथले जिवाणू हे सगळं खायला लागतात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. साध्या घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे ते कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. आंघोळीच्या पाण्यात तो ३ च्या वर चालत नाही.

दुसरा अर्धा भाग तलावाच्या हिरव्या रंगात होता. सांडपाण्यातला नायट्रोजन, धुण्याच्या पावडरीतला आणि विष्ठेतला फॉस्फरस हे शेवाळाचं खत. भरपूर खत मिळालं की पाणी वाटाण्याच्या सूपासारखं हिरवं होतं. दिवसा हे शेवाळ उन्हात ऑक्सिजन बनवतं आणि रात्री आपल्यासारखंच तो वापरतं. तीन दिवस ढग म्हणजे तीन दिवस कमाई बंद आणि खर्च चालू. सगळ्यात तळाचा आकडा येतो तो सूर्योदयाच्या आधी.

इथे एक जुनं दुखणं सांगते. तलावांचे नमुने नेमाने घेतले जातात, पण किती वाजता? ऑफिस उघडतं, गाडी निघते, चहा होतो, काठावर पोचेपर्यंत बारा-साडेबारा. त्या वेळी हिरवा तलाव ऑक्सिजनने फसफसत असतो. मी स्वतः अशा पाण्यात दुपारी ११ चा आकडा पाहिलाय. अहवालात लिहिलं जातं: समाधानकारक. माशांचा मृत्यू पहाटे साडेचारला होतो आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. कुणी खोटं लिहीत नाही. घड्याळच चुकीचं असतं. तेव्हापासून मी एका बाबतीत हट्टी झालेय: तलावाचा नमुना घ्यायचा तर सूर्य उगवायच्या आधी एक आणि दुपारी एक, नाहीतर घेऊच नका.

परत आलो तेव्हा भाऊ पायऱ्यांवर बसले. "म्हणजे जहर नाही."

"बहुतेक नाही."

"मग तक्रारीत नाव कोणाचं लिहू? त्या काकूचं?"

मला उत्तर सुचलं नाही. १९७४ चा पाणी कायदा आहे, त्यात सांडपाणी सोडणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे, हे सगळं मला पाठ आहे. पण त्या पायऱ्यांवर, मेलेल्या कटल्यांच्या रांगेसमोर ते म्हणायला जीभ वळेना. मामांनी विषय बदलला. शेजारच्या मळ्यातून डिझेल पंप आणून तलावाचं पाणी तलावातच उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा, म्हणाले. ओबडधोबड उपाय, पण पाणी हवेत जितकं फुटेल तितका ऑक्सिजन घेऊन खाली येईल. नऊ वाजेपर्यंत दोन पंप लागले. मासे त्या फवाऱ्याखाली गोळा होताना आम्ही पाहिले.

अहवाल मी सहा पानी लिहिला, एरवी दोन पानी असतो. नाल्याचा नकाशा हाताने काढला, तिन्ही पाईपांच्या जागा दाखवल्या, घरमालकांची नावं दिली नाहीत. मुख्य मागणी एकच: तुंबलेली गडर लाईन आधी मोकळी करा, मगच ते पाईप बंद करा. उलट्या क्रमाने केलं तर लोक महिन्याभरात पुन्हा भोक पाडतील. शिवाय नाल्याच्या तोंडाशी गाळ अडवायला एक खड्डा, आणि मेमध्येच, पावसाआधी, नाल्याची साफसफाई. माशांना लोक कणकेचे गोळे आणि पाव टाकतात, निर्माल्य सोडतात, तेही कुजून ऑक्सिजनच खातं. हे लिहिलं, पण शेवटच्या परिच्छेदात. तलावाला मारलं ते तेवढ्याने नाही, आणि सगळं बोट भाविकांकडे दाखवणं सोपं असतं म्हणूनच मला ते आवडत नाही.

हे पाणी तिथेच थांबत नाही, हेही लिहिलं. सांडव्यावरून ते नाग नदीत जातं, नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि शेवटी गोसेखुर्दच्या जलाशयात. तिथेही ढीवर आहेत, त्यांच्याही होड्या आहेत. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी आपण वीजनिर्मितीला देतो, ही नागपूरची खरोखर सांगण्यासारखी गोष्ट; पण भांडेवाडीपर्यंत पोचतं ते गडर लाईनमधलं. नाल्यात वळवलेलं तिथे पोचत नाही.

कीटकनाशकाचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. काही सापडलं नाही. रेशन दुकानवाल्याचा त्यावर अजून विश्वास नाही.

गडर लाईन ऑगस्टमध्ये मोकळी झाली. तीनपैकी दोन पाईप बंद झाले. कॅटरर्सचा चालू आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाऊंचा पुन्हा फोन आला, बोटुकली, म्हणजे तलावात सोडायची बोटभर पिल्लं, आणायची म्हणून. पहाटे साडेपाचला काठावर गेलो. मामांनी बाटली भरली, मी फिक्स केली, आणि भाऊंनी ती माझ्या हातातून घेऊन स्वतः उजेडाकडे धरली. साका खाली बसायला वेळ लागतो. आजीही येऊन उभी होती.

"चहा झाला म्याडम," भाऊ म्हणाले.

"दूध जास्त झालेला," मामा म्हणाले.

टायट्रेशन ३.८ वर थांबलं. भाऊंनी विचारलं, "टाकू का नको?"

"अर्धीच टाका," मी म्हटलं. "आणि पंप परत देऊ नका."